पाहुण्यांचा वास

गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटलीत मी पाणी, थोडं स्पिरिट आणि गवती चहाच्या तेलाचे थेंब घालते. खळखळून हलवलं की घरचा एअर फ्रेशनर तयार. विकतच्या फवाऱ्याने सासूबाईंना खोकला येतो. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच असतात, आणि आजाऱ्याच्या खोलीला बामाचा, औषधांचा कोंदट वास येतोच.

आज नवी बाटली कशी जमलीय ते बघायला म्हणून त्यांच्या खोलीत दोनदा फवारली. त्यांनी डोळे उघडले.

"कोण यायचंय गं आज?"

"कुणी नाही. सहज मारलं."

त्यांना ते पटलं नसावं. "वेणी घाल माझी. आणि ती निळी शाल दे," म्हणाल्या आणि उशीला टेकून दाराकडे बघत राहिल्या.

खरंच, हा वास या खोलीत नेहमी पाहुण्यांच्या आधी येतो. घटकाभर टेकणाऱ्यांनी नाक मुरडू नये म्हणून केवढी धडपड! जे माणूस रात्रंदिवस इथेच श्वास घेतं, त्याला काय, सवय झाली असेल, असं आपण धरून चालतो. सवय माणसाला होते की आपल्या सोयीला, कोण जाणे.

वेणी घालून झाली तरी त्यांची नजर दारावरच होती. मी उठले, दोन कप चहा केला, दारावर टकटक केली आणि पाहुण्यांच्या खुर्चीकडे निघाले.

सासूबाईंनी शाल सारखी केली.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांनी आलात."