अक्षतांची पिशवी

सिग्नलला माझ्या सायकलशेजारी वसंताची स्कूटर थांबली. मागे वहिनी, त्यांच्या मांडीवर पत्रिका आणि अक्षतांची पिशवी. लेकीच्या लग्नाचं आमंत्रण त्यानं मला नुसतं मोबाइलवर पाठवलं होतं. तो राग आठवडाभर मनात होता.

"मी परका झालो का रे?"

"तीनदा आलो घरी. एकदा पोहायला गेला होतास, एकदा पळायला, एकदा दुकानात."

ट्रायथलॉनच्या सरावाला लागणारा वेळ मी झोपेशी, दुकानाशी घासाघीस करून मिळवला. मित्रांच्या वाट्याचा मात्र न विचारताच उचलला.

"मग इथंच दे." माझा आवाज चढला.

"रस्त्यात अक्षत देत नाहीत, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "घरी कधी असाल, तेवढं सांगा."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मला एकही वेळ सांगता येईना.