अनघाच्या बाबांचं सेनेगल

सेनेगल या देशाविषयी अख्ख्या टोकियोत सगळ्यांत जास्त बोललेला माणूस सेनेगलचा नाही, ठाण्याचा आहे. तो म्हणजे आमच्या शेजारच्या अनघाचे बाबा. हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे याच नावाने ओळखतात आणि तेही फोन उचलला की "अनघाचा बाबा बोलतोय" असंच म्हणतात. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या दोन बॅगांपैकी एकीत पुस्तकंच होती. सगळी फ्रेंच आणि सगळी सेनेगलच्या लेखकांची. दुसऱ्या बॅगेत कपडे असावेत असा अनघाचा समज होता. त्यातही वर चार शर्ट आणि खाली पुस्तकं निघाली. हिवाळ्यात कोट घ्यायला नेलं, तर पहिल्यांदा त्यांनी खिशात कादंबरी मावते का हे बघितलं.

आम्ही त्यांना काका म्हणतो. काका बोटीवर इंजिनीअर होते. तरुणपणी त्यांच्या बोटीचं इंजिन डाकारच्या बंदरात बंद पडलं, मालकाने हात वर केले आणि बोट महिनोन् महिने तिथेच अडकून पडली. त्यात काकांना मलेरिया झाला. बंदराजवळ राहणाऱ्या एका शाळामास्तरांनी त्यांना घरी नेलं, बरं केलं आणि ताप उतरल्यावर वेळ जावा म्हणून हातात एक कादंबरी ठेवली. काकांना फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं. मास्तर ओळ वाचत आणि हातवारे करून अर्थ सांगत. "अगं, 'समुद्र' सांगायला माणूस खिडकी दाखवेल. 'अपमान' कसा दाखवशील? मास्तरांनी तोही दाखवला," काका सांगतात. कसा दाखवला, हे मात्र ते कधी सांगत नाहीत. बोट दुरुस्त होऊन निघाली तोवर काका दुरुस्तीपलीकडे गेले होते.

तेव्हापासून जगातल्या कुठल्याही विषयाचा रस्ता त्यांच्याकडे सेनेगलवरूनच जातो. माझा नवरा एकदा म्हणाला, "आता चाळिशीत कुठे जपानी शिकत बसू?" झालं. काकांनी त्याला जिन्यातच गाठलं. "तिकडे गोदीत माल उचलणारा माणूस मोठा कादंबरीकार झाला. मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्या माणसांना तर वाचताच येत नाही. तुझ्या वयाला तो सिनेमा शिकायला परदेशी गेला. आणि तुला स्टेशनावरची पाटी वाचायला जड जातंय?" नवऱ्याने पुढच्याच आठवड्यात क्लास लावला, शिकण्याच्या ओढीने कमी आणि जिन्याच्या धास्तीने जास्त. इथल्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत एका हौशी कवीला कोणी मत दिलं नाही, तेव्हाही काका हळहळले, "तिकडे कवीला देशाचा पहिला राष्ट्रपती केला. आपण खजिनदारसुद्धा करत नाही!"

शिवाय तिकडची नमस्काराची रीत. सेनेगलमध्ये म्हणे माणूस भेटला की आधी त्याची, मग घरच्यांची, मग आईवडिलांची, मग कामाची, अशी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायची आणि स्वतःविषयी उत्तर द्यायचं, "मांगी फी", म्हणजे "मी इथे आहे". काका हे लिफ्टमध्ये करायचे. आमचा मजला आठवा. माझ्या सासूबाईंच्या गुडघेदुखीपर्यंत ते येतात न येतात तोच दार उघडायचं आणि मग पाय दारात अडकवून माझ्या माहेरची चौकशी सुरू व्हायची. इमारतीचे वयस्कर जपानी केअरटेकर नव्याने मुजरा शिकल्यासारखे वाकून वाकून त्यांना उत्तर द्यायचे. केअरटेकरांना सेनेगल म्हटलं की फुटबॉल आठवतो. काका एका कादंबरीकार बाईंविषयी मोडक्या जपानीत पंधरा मिनिटं बोलले, तेव्हा केअरटेकरांनी शेवटी मान डोलावून विचारलं, "डावीकडून खेळते का?"

पण काकांची खरी करामत नदीकाठच्या बाकावर बघायला मिळे. संध्याकाळी आम्ही काही बायका मुलांना खेळायला सोडून तिथे बसायचो. काका थर्मासमधून पुदिना घातलेला ग्रीन टी आणत. तोही तिकडच्या पद्धतीचा, तीन फेऱ्यांचा: पहिला कडू, दुसरा बरा, तिसरा पाकासारखा गोड. ग्रीन टीत एवढी साखर घालताना बघून शेजारच्या बाकावरच्या जपानी आजी उठून गेल्या होत्या. आणि या तीन फेऱ्यांत काका गोष्ट सांगत. एका शिक्षिकेने लिहिलेली, नवऱ्याने उतारवयात पोरसवदा मुलीशी लग्न केलं त्या बाईची गोष्ट आम्ही कित्येक संध्याकाळी ऐकली. डोंबिवलीत घडल्यासारखी ती मराठीत उतरे. एकदा ऐन मोक्याला काकांनी चहा ओतायला घेतला, तर आमच्यातली सर्वांत अबोल मैत्रीण ओरडली, "चहा राहू द्या हो! ती घर सोडून गेली की नाही ते सांगा!"

ऐकत नव्हती ती फक्त त्यांची नात इरा. काका मराठीत विचारत, "इरा, जेवलीस का?" ती खेळता खेळता उत्तर देई, "ताबेता." जेवले, एवढाच त्याचा अर्थ; पण जपानीतून आला की काकांच्या चेहऱ्यावर कुणी दार लावून घेतल्यासारखं काहीतरी होई. ते तिला रागावत नसत. एकदाच मला म्हणाले, "मी गोष्टी सांगतो परक्या देशातल्या बायकांच्या, आणि माझ्याच नातीला माझी भाषा परकी."

मग आवा आली. अनघाचा नवरा टोकियोबाहेर त्सुकुबाला एका संस्थेच्या कामासाठी जायचा. तिथे भातावर संशोधन करणारी ही सेनेगलची मुलगी त्याला कँटीनमध्ये भेटली. त्या दिवशी घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि काकांची झोप उडाली. रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, निवडक पुस्तकं घेऊन ते गाडीत बसले. सोबतीला मी होते. वाटेत त्यांनी आवासाठी तयार केलेलं भाषण मला दोनदा म्हणून दाखवलं. आवाने ते नम्रपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, "अंकल, हे सगळे लेखक आम्हाला परीक्षेला होते. पास झाले, त्या दिवसापासून हात लावला नाही."

काकांनी बाहेर काढलेली पुस्तकं पुन्हा पिशवीत ठेवली. मग बिचाऱ्यांनी काही सुचेना म्हणून त्यांची ती नमस्काराची लांबलचक रीत सुरू केली, तिच्या भाषेत, वोलोफमध्ये. आवा आधी चमकली, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "असं आता कोणी बोलत नाही! हे माझ्या आजोबांचं बोलणं आहे, बंदरावरचं!" मग उत्तरं देत गेली. आई, बहिणी, गल्ली, शेजारची आजारी म्हातारी, सगळ्यांची. जपानमध्ये आल्यापासून हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. निघताना तिने काकांच्या पिशवीतलं एक पुस्तक स्वतःहून मागून घेतलं.

त्या वर्षी मंडळाच्या मराठी दिनाला काकांनी भाषणाचा हट्ट धरला. "मराठी दिनाला सेनेगल कशाला?" कार्यवाह विचारत होते. काका म्हणाले, "तिथल्या एका नामांकित लेखकाने फ्रेंचमध्ये एवढं नाव मिळवूनही शेवटी कादंबरी लिहिली ती आपल्या आईच्या भाषेत. लोक म्हणाले, वाचणार कोण? तरी लिहिली. हा मराठी दिनाचा विषय नाही, तर मग कुठल्या दिनाचा?" लावणी आणि नाट्यगीत यांच्यामध्ये त्यांना दहा मिनिटं मिळाली.

सभागृहात आवा पहिल्या रांगेत होती, शेजारी इरा. काकांनी लेखकांची नावं घेतली नाहीत, थेट गोष्टच सुरू केली. रेल्वे कामगारांचा संप, बंद नळ, रिकाम्या चुली आणि मग उन्हातून राजधानीकडे चालत निघालेल्या त्यांच्या बायका. मुलं आपापसात जपानीत कुजबुजत होती, ती हळूहळू थांबली. बायका अर्ध्या वाटेवर होत्या, पाणी संपलं होतं, आणि कार्यवाहांनी घंटी वाजवली. काका शिस्तीचे. त्यांनी हात जोडले आणि वळले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून इराचा आवाज आला, "आजोबा! मग त्या बायका पोचला का नाही पोचला?"

सभागृह हसलं. काका हसले नाहीत. माईक पुन्हा हातात घेऊन त्यांनी एकट्या इराकडे बघत सगळी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. कार्यवाहांनी घंटी खिशात घातली होती. एक शब्दही न समजणारी आवा गालावरचं पाणी पुसत होती. नंतर तिने सांगितलं, गोष्ट तिला ठाऊकच होती. कुठल्या वळणावर आहे ते काकांच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं.

या वसंतात जावयाचं इथलं काम संपलं आणि अनघाचं घर पुण्याला निघालं. निरोपाच्या सकाळी आवा त्सुकुबाहून आली. तिने काकांपुढे हात केला तो डावा. अनघा दचकून म्हणाली, "अगं, निघताना डावा हात काय!" काकांनी तिला थांबवलं आणि आपलाही डावा हात पुढे केला. मग मला म्हणाले, "तिकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्याला मुद्दाम डावा हात देतात. म्हणजे चूक राहते. ती सुधारायला माणसाला परत यावं लागतं."

इराने लगेच त्यांची नक्कल करत मला डावा हात दिला. मग काकांनी. मीही डावाच दिला, आणि टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात तसाच हलवत उभी राहिले.