स्पॅममध्ये जपून ठेवलेले मेल

आदिलाबादेत राहून मी लोकांच्या वेबसाइट बनवते. खाली नवऱ्याचं मोटारपंपांचं दुकान, वर माझं टेबल. कापसाचे व्यापारी, शाळा, एखादा दवाखाना यांना लागेल तेवढं काम मला येतं आणि त्याचा बडेजाव मी करत नाही. मागच्या वर्षी एका खासगी नर्सिंग संस्थेच्या प्रवेशाचं काम आलं. सचिवांची अट एकच होती, मधे माणूस नको. माणूस आला की ओळखी निघतात, फोन येतात. निवड झालेल्या मुलीला आपोआप मेल जावा, तिनं त्यातली लिंक उघडून मुदतीत जागा स्वीकारावी, नाही तर जागा आपोआप पुढच्या मुलीकडे जावी. मला ते पटलं. अजूनही पटतं, हीच पंचाईत आहे.

असे मेल मी स्वतः पाठवत नाही. ते काम करणारी कंपनी असते. माझी साइट तिच्या एपीआयला, म्हणजे तिच्या यंत्रणेच्या दाराशी, सांगते, अमुक पत्त्यावर अमुक मजकूर पाठव. पुढे काय झालं ते ती कंपनी उलट माझ्या साइटला कळवते, त्याला वेबहुक म्हणतात. मेल पोचला, उघडला, परत आला, कुणी स्पॅम म्हणून तक्रार केली, सगळ्याचे निरोप येतात. तक्रार झाली की त्या पत्त्यावर कंपनी पुन्हा काहीच पाठवत नाही. नियम चांगला आहे. नको म्हणणाऱ्याच्या दारात परत परत कशाला जायचं?

ती मुलगी आईबरोबर जिना चढून आली तेव्हा भर दुपार होती. बेला गावाकडची माणसं. आई बाजारात भाजी विकते, त्या दिवशी वांगी तशीच शेजारणीवर सोपवून निघाली होती. मुलीपेक्षा कमी मार्कांच्या, दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला सीट लागली म्हणून दोघी संस्थेत विचारायला गेल्या आणि सचिवांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. बापानं सांगून ठेवलं होतं, यंदा सीट लागली तर ठीक, नाही तर इचोड्याला मामाच्या दुकानात बस.

"मॅडम, सायेब म्हणते मेल गेल्ता, तुमीच उत्तर नाही देल्लं," आई म्हणाली. "आमाले तर काईच नाही आलं."

"ई-मेल कोणाचा लिहिला होता?" मी मुलीला विचारलं.

"ऑनलाइनवाल्या दादाचा."

"स्वतःचा काऊन नाही लिहिला?"

"माझ्याजवळ कुठं आहे? आमच्याकडं सगळेच त्याचा लिहितात."

हे खरं होतं. पीकविमा असो, गॅस असो, शाळेचा दाखला असो, अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचाच पत्ता सगळ्यांच्या अर्जावर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पोस्टमन जसा चौकातल्या दुकानात पत्रं ठेवून जायचा, तसंच ते.

मी नोंद उघडली. संस्थेच्या पानावर तिच्या नावापुढे 'पाठवला' होतं, कारण माझ्या साइटनं कंपनीला सांगितलं होतं. कंपनीचा उलट निरोप मात्र निराळा होता. पाठवला नाही, पत्त्यावर बंदी, कारण आधीची तक्रार. हे उलटे निरोप संस्थेच्या कारकुनाला दिसावेत म्हणून एक पान करू या, असं मी सचिवांना सुचवलं होतं. ते म्हणाले होते, पुढच्या वर्षी पाहू.

मी दुकानदाराला फोन लावला आणि दोघींना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"दादा, नर्सिंगवाल्यांचा मेल तुम्ही स्पॅममध्ये टाकला का?"

"हो, टाकला ना," तो खुशीत म्हणाला. "अर्ज मिळाला म्हून आल्ता तो. डबा फुल होऊन राह्यला होता, मॅडम. डिलीट केला तर जाते. म्हून कामाचे मेल मी स्पॅममध्ये जपून ठेवतो. तिथं कोणी हात लावत नाही."

आई फोनवर वाकली. "जपलं रे बाप्पा, चांगलंच जपलं!"

"काऊन, काय झालं काकू?"

मी फोन ठेवला. त्याला समजावून काय मिळणार होतं? मेल स्पॅममध्ये टाकणं म्हणजे तक्रारच, आणि काही मेल-कंपन्या ती पाठवणाऱ्याला कळवतात. त्याची कळवणारी निघाली.

मग सचिवांना लावला. ते माझ्याशी हिंदीतच बोलतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चिडले नाहीत. "मॅडम, सीट तो एक ही है. किससे छीनूँ?"

मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती. जागा पुढच्या मुलीकडे गेली होती. उटनूरजवळच्या एका गावची ती. मेल पोचला, उघडला, जागा स्वीकारली, दाखले चढवले. प्रत्येक पायरी नियमात. असं बिनचूक चाललेलं काम एरवी मी समोरच्याला अभिमानानं दाखवते.

"त्या पोरीले फोन लावा ना," आई म्हणाली. "तिले सांगा, गलती झाली म्हून."

नंबर माझ्यासमोर होता. मी हात लावला नाही.

"नको माय," मुलगी म्हणाली. "तिनं काय केलं?"

"मंग आता मी कोणाले बोलू? त्या दुकानवाल्याले बोलू का सायबाले बोलू?"

"मला बोला," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले बोलून सीट येते का?"

मी चहा विचारला. नको म्हणाल्या, बस पकडायची होती.

मी कंपनीला लिहून ती बंदी उठवली. त्यांनी फार नम्र उत्तर पाठवलं. यंदा मी अर्जात ठळक ओळ टाकली, स्वतःचाच ई-मेल लिहा. मेल अडला की कारकुनाच्या फोनवर निरोप जाईल अशी सोयही केली. अर्ज येऊ लागले तसे मी रोज पाहत होते. इचोड्याकडचे झाडून सगळे अर्ज एकाच ई-मेलवरून भरलेले होते.

एका कामाला त्या बाजूला गेले तेव्हा गाडी थांबवली. हायवेला लागून किराणा दुकान, बाहेर ऑनलाइन अर्जांची नवी पाटी. गल्ल्यावर ती बेल्याची मुलगी.

"हे सगळे तूच भरतेस?"

"हो. मामानं कम्प्युटर घेतला."

"स्वतःचा ई-मेल लिहा, असं मी टाकलंय ना त्यात?"

"त्यांच्याजवळ कुठं आहे, मॅडम?" मग घाईनं म्हणाली, "मी रोज पाहते. स्पॅम पण पाहते. एक पण मेल इकडचा तिकडं करत नाही."

"अन् तुझा अर्ज?"

"मामा म्हणते, मंग दुकान कोण पाहीन."

एका ट्रकवाल्यानं बिस्किटांचा पुडा मागितला. ती उठली. मी गाडीकडे वळले.

घरी आल्यावर मी त्या पत्त्यावर एक चाचणी मेल पाठवला. पोचला, असा निरोप आला. आणि त्याच्या मागोमाग, उघडला.