ड्रायव्हर, मी

"गियाँ-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली : जीबीएस. मी पलंगावर आडवी होते. पाय माझेच होते, पण गुडघ्याच्या खाली मला ते हलवता येत नव्हते.

मग त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. शरीरात रोगाशी लढणारी फौज असते, ती चुकून आपल्याच नसांवर धावून जाते. पायापासून सुरुवात होते आणि अशक्तपणा वर चढत जातो. कुठपर्यंत चढेल, ते आज सांगता येत नाही.

"छातीपर्यंत आलं तर?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"तर काही दिवस मशीन श्वास देईल. बहुतेक लोक यातून उठतात. पण पुढचे चार दिवस मी कुठलाही शब्द देणार नाही."

मी मंगल. उचगावची सून, सरकारी बसमध्ये कंडक्टर. बेळगाव-निपाणी ही माझी अकरा वर्षांची ओळखीची वाट. हे लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला जातात आणि सकाळ-संध्याकाळ शेत बघतात. प्राजक्ता, आमची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. कुणाच्या घरात उद्या असंच काही उभं राहिलं तर निदान ते काय आहे एवढं माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात अगदी किरकोळ होती. पंधरा दिवस आधी मला जुलाब झाले होते, ते आपोआप थांबले. मग एका सोमवारी वंटमुरीच्या चढावर गाडीत उभी असताना तळपायाला मुंग्या आल्या. चप्पल बदलली. मंगळवारी मुंग्या पोटरीपर्यंत आल्या. बुधवारी काकतीच्या थांब्यावर गाडीची पायरी चढता येईना. आमचे ड्रायव्हर बसवराज अण्णा आरशातून बघत होते. ते सीटवरून उतरून आले आणि माझी तिकिटाची मशीन स्वतःच्या गळ्यात घालून म्हणाले, "आक्का, तू घरला न्हाय, दवाखान्यात जायाचं." गुरुवारी सकाळी मी बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात होते. अण्णांनी तेव्हा आग्रह धरला नसता तर मी आणखी दोन दिवस अंगाला तेल चोळत बसले असते.

दोन तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर, म्हणजे कंबरेच्या मणक्यांमधून बारीक सुईनं पाणी काढतात. ऐकायला भीती वाटते, पण तेवढं दुखत नाही. दुसरी नर्व्ह कंडक्शन. नसांना विजेचे छोटे झटके देऊन निरोप किती वेगानं जातो ते बघतात. माझ्या पायातला निरोप जवळजवळ पोचतच नव्हता.

उपचार होता आयव्हीआयजी. निरोगी माणसांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं औषध, पाच दिवस शिरेतून. ती माणसं कोण, कुठली, मला कधीच कळणार नाही.

खरी परीक्षा मात्र वेगळीच होती. दर दोन-तीन तासांनी नर्स यायची आणि एका श्वासात आकडे मोजायला सांगायची. छातीत किती दम उरला आहे ते त्यावरून कळतं. ती कन्नड बोलणारी होती. "एणिसरी अक्का," म्हणायची, म्हणजे मोजा. गुरुवारी दुपारी मी एकतीसपर्यंत गेले. संध्याकाळी सव्वीस. शुक्रवारी सकाळी बावीस. हे कोपऱ्यात उभे राहून ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर मोजायचे. मी थांबले की तेही थांबायचे आणि खिडकीकडे तोंड फिरवायचे. प्राजक्ता आकडे वहीत लिहायची. शुक्रवारी दुपारी तिनं एकोणीस लिहिलं आणि वही मिटून टाकली.

शनिवारी सकाळी मी बारावर अडकले. तेराव्या आकड्याला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. डॉक्टर म्हणाले, "आता वाट बघायची नाही." मला आयसीयूत नेलं. दारापाशी ह्यांनी माझ्या पायाला हात लावला. तो मला दिसला, पण जाणवला नाही.

व्हेंटिलेटरवर मी एकवीस दिवस होते. दहाव्या दिवशी ट्रेकिऑस्टॉमी केली, म्हणजे घशाला छोटं छिद्र पाडून तिथून नळी. तोंड मोकळं झालं, पण बोलता येत नव्हतं. हात-पाय आधीच गेले होते. पापण्या तेवढ्या हलत होत्या आणि डोकं पूर्ण जागं होतं. यात जागं राहणंच सगळ्यात कठीण आहे. छतावरचा पंखा, मशीनचा आवाज, शेजारच्या पलंगावर सकाळी असलेला माणूस दुपारी नसणं, हे सगळं बघत पडायचं.

प्राजक्तानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठी मुळाक्षरं लिहिली. ती एकेका अक्षरावर बोट फिरवायची. हवं ते अक्षर आलं की मी एकदा पापणी मिटायची. नाही म्हणायचं तर दोनदा. काना-मात्रा आणि जोडाक्षरं समोरच्यानं अंदाजानं समजून घ्यायची.

आयसीयूत रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट यायच्या, स्नेहा मॅडम, निपाणीच्या. सांधे आखडू नयेत म्हणून माझे हात-पाय त्याच हलवायच्या. एके दिवशी माझा पाय हातात धरून त्यांनी विचारलं, "आक्का, तीन वर्षांनंतरची एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कुठं आहात? काय करताय? ते कळलं तर कुठला स्नायू आधी उठवायचा ते मला ठरवता येईल."

मी पापणीनं अक्षरं दाखवली. प्राजक्तानं वाचलं : मुलीचं लग्न.

स्नेहा मॅडम हसल्या नाहीत. "ते तिच्या आयुष्यातलं झालं. तुमचं सांगा."

 दोन दिवस मी छताकडे बघत उत्तर शोधत होते. घराचा स्लॅब, ह्यांचं पोटाचं ऑपरेशन, सासूबाईंचा मोतीबिंदू, प्राजक्ताची फी. जे जे आठवायचं ते दुसऱ्या कुणाचं तरी निघायचं. चाळीस वर्षांची बाई मी, आणि स्वतःसाठी एक सकाळ मला ठरवता येत नव्हती. मरणाच्या भीतीपेक्षा त्या दोन दिवसांत मला ह्या गोष्टीनं जास्त घाबरवलं. उठायचं ते कशासाठी, हेच माहीत नसेल तर शरीर तरी कशाला उठेल?

तिसऱ्या दिवशी ते आठवलं. आठवलं म्हणजे, आतच होतं, मी बघत नव्हते. नोकरीला लागताना मला ड्रायव्हरची परीक्षा द्यायची होती. घरात सगळ्यांनी नाही म्हटलं. मी कंडक्टरच्या अर्जावर सही केली आणि पुन्हा विषय काढला नाही. पण अकरा वर्षं मी अण्णांचे हात बघत आले होते. कुठल्या वळणाला कुठला गिअर, मला पाठ होतं.

त्या दिवशी अक्षरांवर ह्यांचं बोट होतं. ड. र. य. व. ह. र.

"ड्रायव्हर," हे म्हणाले. "बसवराज अण्णांना बोलवू?"

मी दोनदा पापणी मिटली. ते पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवू लागले. म वर मी थांबवलं. पुढं त्यांना अक्षर सापडेना. प्राजक्ता मागून हळूच म्हणाली, "पप्पा, मी. ड्रायव्हर, मी."

हे कॅलेंडर खाली ठेवून बाहेर गेले. तिथं मला भेटायला आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला काय म्हणाले ते दार उघडं असल्यानं मला ऐकू आलं. "त्या पायानं? गाडीत पन्नास माणसं असत्यात, आक्का. लई भ्या वाटतंय मला." मला राग आला नाही. तीच भीती माझीही होती.

स्नेहा मॅडमनी मात्र फाइलवर लिहून घेतलं आणि लगेच कामाला लागल्या. क्लचसाठी डावा घोटा, ब्रेकसाठी उजवी मांडी, स्टिअरिंगसाठी खांदे. त्या दिवसापासून माझ्या व्यायामाला कारण मिळालं.

नळी निघाली, मग पहिला शब्द आला. सदतीस दिवसांनी घरी गेले, चाकाच्या खुर्चीत. चार महिन्यांनी वॉकर, दहा महिन्यांनी काठी. डावं पाऊल लोंबायचं, त्याला फूट ड्रॉप म्हणतात, पंजा वर उचलला जात नाही. कित्येक दिवस काहीच फरक पडायचा नाही आणि मी रडायचे. सव्वा वर्षानं कामावर घेतलं, तेही बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर.

डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं, बस चालवता येईल का? त्यांनीही स्पष्ट सांगितलं, "छोटी गाडी शिका. मोठीचं वचन देत नाही. पुन्हा नसांची तपासणी करू, पायाची ताकद मोजू, मगच. आणि मी नको म्हटलं तर ऐकायचं." मी शब्द दिला. तो पाळणं सोपं नव्हतं, कारण पहिल्या तपासणीनंतर ते नकोच म्हणाले. आणखी आठ महिने थांबले. दुसऱ्या वेळी त्यांनी होकार दिला.

मागच्या महिन्यात मला मोठ्या गाडीचं लायसन्स मिळालं. ड्रायव्हरच्या जागेसाठी खात्याकडे अर्ज दिला आहे. जागा मिळेल, न मिळेल. मी आता पुन्हा गाडीत कंडक्टर म्हणून उभी असते आणि त्यातही आनंदात असते, कारण मला काय हवं आहे ते मला माहीत आहे.

तुम्ही आज कुणाच्या उशाशी बसला असाल तर एवढं करा. त्याला सकाळी काय खाणार विचारता, तसं कधीतरी हेही विचारा की उठल्यावर तुला स्वतःसाठी काय करायचंय. आणि उत्तर आवडलं नाही तरी लिहून घ्या. माझं उत्तर अक्षर-अक्षर करून लिहून घेणाऱ्या त्या तिघांची, ह्यांची, प्राजक्ताची आणि स्नेहा मॅडमची, मी आयुष्यभर ऋणी आहे.

लायसन्सच्या परीक्षेआधी शिकवणीच्या मैदानात बसवर शेवटचा सराव होता. शिकवणारे खाली उतरून म्हणाले, चढावर थांबवून पुन्हा उचला, गाडी मागं सरकता कामा नये. हे मला सोडायला आले होते, कडेला उभे होते. मी स्टार्टर मारला तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

चढ आला. थांबले. डावं पाऊल क्लचवर नीट टेकलंय ते बघून घेतलं. क्लच हळूहळू सोडला. गाडी एक इंचही मागं न जाता पुढं निघाली.

वर पोचून आरशात बघितलं. हे मधल्या सीटवर बसले होते, पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. चेहरा पांढराफटक पडला होता. पण आपण होऊन चढून बसले होते.