आधी सांगणारा

मसुऱ्यात बाबली परबाशी ज्याचं भांडण झालं नाही, तो माणूस एक तर तान्हा असेल, नाही तर कायमचा मुंबईत असेल. बांधावरून, पाण्यावरून, काजीच्या वाकलेल्या फांदीवरून, आणि काहीच सापडलं नाही तर बांगडे महाग झाले म्हणून मासेवालीशी. तरी वाडीत कुणी वारलं की लोक पहिल्यांदा याच भांडकुदळाच्या दारात यायचे. फोन नव्हते तेव्हा मरणाची खबर गावोगावच्या पै-पाहुण्यांकडे बाबलीच नेत असे. त्याची रीत ठरलेली होती. दारातून एकदम 'गेले' म्हणून सांगायचं नाही. आधी पाणी मागायचं, ओट्यावर टेकायचं, मग म्हणायचं, जरा बरां नाय, चला. घरच्यांना काय ते कळायचंच, पण छातीवर हात ठेवायला तेवढी सवड मिळायची.

मोबाइल आले आणि ते काम सुटलं. तीन वर्षांपूर्वी बायको, आनंदी, गेली आणि घरात भांडायलाही कुणी उरलं नाही. मग तो गावच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणू लागला, आणि लेखक नावाच्या जमातीशी त्याचं वाकडं आलं ते आलंच. ही शहाणी माणसं दोनशे पानं एखाद्याचा लळा लावतात आणि भर दुपारी, वाचणारा पेजेचा घास घेत असताना, त्याला मारून टाकतात. ना पाणी, ना टेकणं. एका पुस्तकात नऊ वर्षांची पोर अशीच तापाने गेली. बाबली ताटावरून उठला, लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, परसात जाऊन पोटभर रडला, आणि परत येऊन पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, 'पान २१२. चेडू जातलां. पाणी घेवन बसा.'

वर्षभरात अशी एक्केचाळीस पुस्तकं झाली.

पुढे काय होणार ते आधीच कळतं, अशी तक्रार केली दत्तप्रसादने. हा बाबलीच्या वर्गातला, मुंबईच्या बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलेला, आणि बाबलीशी बांधावरून अबोला धरलेला. ग्रंथपाल अक्षया वयाने नातीएवढी, पण खमकी. तिने दोघांना समोरासमोर बसवलं, टेबलावर त्या पुस्तकांची चळत रचली, शेजारी खोडरबर ठेवलं आणि सांगितलं की सगळ्या पुस्तकांतलं खोडा, नाही तर तुमचं कार्ड रद्द. कार्ड गेलं तर दिवसभर भिंतींकडे बघत बसावं लागेल, हे बाबलीला पक्कं ठाऊक होतं. तरी तो न खोडण्याचं ठरवूनच आला होता. दुसऱ्याच्या पोरीच्या मरणावर टपून बसायचं असेल तर सरळ मसणात जाऊन बसा, असं त्याने सुनावलं. अक्षया म्हणाली की ती पोर खरी नाही, माणसं रडतात, तोंड धुतात आणि चहा घेतात. पुस्तकातल्या मड्यावर कोण कुणासाठी रडतो ते ज्याचं त्याला माहीत, तू मधे बोलू नकोस, म्हणून बाबलीने तिलाही गप्प केलं.

तेव्हा दत्तप्रसाद उठला. इतका वेळ तो मुंबईची मराठी बोलत होता, ती रागात गळून पडली.

"बाबली, त्या चेडवाक मी जीवच लावूक शकलंय नाय. पैल्या पानावर तुझां वाचलंय आणि मन आखडून घेतलंय. दोनशे अकरा पानां तां जितां होतां, हसा होतां, खेळा होतां. माज्यासाठी तां पैल्याच पानार मेलां. तां तुया मारलंस, लेखकान नाय."

बाबलीने तोंड उघडलं. पण भांडणाऐवजी त्याला आनंदी आठवली.

आनंदीचा रिपोर्ट त्याने एकट्याने ऐकला होता. सहा-सात महिने, डॉक्टर म्हणाले. तिला कळू द्यायचं नाही, हे त्यानेच ठरवलं. अडतीस वर्षं नवरा-बायको रोज हमरीतुमरीवर यायचे, कधी कालवणातल्या मिठावरून, कधी कुंपणाच्या उघड्या राहिलेल्या बेड्यावरून, आणि त्या दोघांचा संसार म्हणजे तेच होतं. त्या दिवसापासून बाबली भांडायचा थांबला. जाणाऱ्या बाईशी काय भांडायचं? ती वाढील ते खायचा आणि उठायचा. आपण तिला जपतोय, असं त्याला वाटत होतं. एकदा तिने मुद्दाम कालवण खारट केलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली. तो गुमान जेवला. शेवटी तिनेच विचारलं, "हल्ली तुमी माज्याशी भांडणास नाय. माजां काय चुकलां?"

बाबलीने खोडरबर उचललं. एवढ्यात हार मानलीस होय, असं दत्तप्रसादने टोचून विचारलं. बाबलीने वरचं पुस्तक उघडलं आणि खोडता खोडता, मान वर न करता म्हणाला,

"दत्ता, आनंदी सात म्हयने जिती होती रे. मी डॉक्टराकडसून इलंय, त्याच दिसा तिका मसणात पोचवन मोकळो झालंय."