गुण्याच्या ट्रकातलं डावं-उजवं

माझ्या नवऱ्याला सगळे गुण्या म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं लाडाचं नाव असेल, गुणी बाळ वगैरे. तसलं काही नाही. गुण्या हे सुताराचं हत्यार. कोपरा काटकोनात आहे की नाही हे त्याने बघतात. माझा नवरा कुठेही गेला तरी आधी तेच बघतो. आमची ओळखही तशीच झाली. घरचं दार लागत नव्हतं म्हणून आईने त्याला बोलावलं, तर त्याने दार तपासलं, भिंत तपासली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "दार बरोबर आहे. तुमचं घर वाकडं आहे." आई भडकली. मी हसून हसून लोळले आणि तिथेच फसले.

अशा माणसाच्या वर्कशॉपात एके दिवशी दातांचे डॉक्टर एक ट्रक घेऊन आले. डॉक्टरांना जुन्या गाड्यांचा नाद. हा ट्रक सैन्यातला, रेडिओचा. मागच्या बाजूला लाकडी खोली, आणि त्या खोलीत बसून एक माणूस दिवसभर टकटक करत मोर्सचे संदेश पाठवायचा. खोली म्हणायची एवढंच, कारण आता नुसता सांगाडा उरला होता आणि त्याला हात लावला की भुसा पडत होता. आत काय कुठे होतं याचा मागमूस नव्हता. डॉक्टरांकडे फोटो होता, पण तो बाहेरून काढलेला. इंजिन मात्र खोकत खोकत का होईना, चालू होतं.

"सगळे दात पडलेत," डॉक्टर म्हणाले. "कवळी बसवून द्या."

तो खोकला ऐकून माझे सासरे भिंत धरत धरत अंगणात आले. घर आणि वर्कशॉप एकाच अंगणात आहे. बाबांची नजर पार गेलेली. ते आवाजाच्या रोखाने सरळ ट्रकपाशी गेले आणि मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले. "रेडिओचा आहे," म्हणाले. "असल्याच ट्रकात माझं तरुणपण गेलं." कुणी काही सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या तोंडाचा आ झाला, आणि त्यांच्या धंद्यात तो सहसा दुसऱ्यांचा होतो.

नजर गेल्यापासून बाबांना प्रत्येक गोष्ट विचारावी लागते. टॉवेल कुठे, पाणी कुठे, खुर्ची कुणी हलवली. खुर्ची मीच हलवलेली असते, झाडताना, आणि मग माझ्याच जिवाला लागून राहतं. "ट्रकात मी मिट्ट काळोखात काम करायचो," ते म्हणायचे. "हात टाकला की वस्तू. कुणाला विचारायचं नाही." आता जो तो आपला त्यांना धरून बसवतो, धरून उठवतो. त्यांचा फार संताप होतो. माझाही होईल.

दुसरी गोष्ट, त्यांचं 'चालेल'. गुण्याने कपाट केलं, पलंग केला, घराच्या खिडक्या बदलल्या, बाबा हात फिरवतात आणि म्हणतात, "चालेल." पोराच्या उभ्या आयुष्यात याच्या पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही.  'चालेल' ऐकलं की गुण्या त्याच वस्तूवर पुन्हा रंधा मारत बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला दुसरा शब्द हवा होता. आणि या ट्रकावर तो मिळवायचाच असं त्याने ठरवलं.

बाबांनी आठवून सांगायचं आणि गुण्याने तसंच बसवायचं, असं ठरलं. नकाशा जेवणाच्या टेबलावर निघाला. "ही मीठदाणी म्हणजे मी, स्टुलावर," बाबा म्हणाले. "माझ्या डाव्या हाताला रेडिओचं टेबल, वर फळी, फळीखाली हेडफोनची खुंटी. उजव्या हाताला बाक. आणि सगळं स्क्रूवर हं! सरस लावशील तर खबरदार. एका स्क्रूड्रायव्हरने अख्खी खोली सुटली पाहिजे." रेडिओचं टेबल म्हणजे काकडीची फोड होती. मी बोलण्याच्या नादात ती खाऊन टाकली आणि दोघेही माझ्यावर असे खेकसले की घास घशात अडकला.

गुण्याने अट घातली: काम पूर्ण होईपर्यंत बाबांनी आत पाऊल टाकायचं नाही. बाबा फुगले. दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "रंध्याला धार नाही तुझ्या!" खरंच नसायची.

पण खरी गंमत छताची. छत होतं कमानदार! जन्मभर वाकडं सरळ करणारा माझा नवरा आता चांगलं सरळ लाकूड वाफवून वाकडं करायला बसला. त्यासाठी माझं सगळ्यात मोठं पातेलं गेलं, ते परत आलं नाही. छताची पहिली फासळी साच्यातून सटकली आणि डॉक्टरांची टोपी घेऊन दोरीवरच्या कपड्यांत शिरली. मी पोट धरून खालीच बसले. दुसरी मोडली. तिसरी मात्र अशी काही वाकली की गुण्या तिला कुरवाळतच राहिला. "गोल बरा आलाय ना?" दर थोड्या वेळाने मला विचारायचा. गोलाच्या प्रेमात पडला होता पठ्ठ्या! मी पडदे शिवले, रंग मारला, आणि केसांत हिरवा रंग घेऊन बाजारात फिरून आले. कुणी हसलं की मीच आधी हसायची.

आणि तो दिवस आला. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. डॉक्टर नवी टोपी घालून हजर. बाबा मागच्या पायऱ्या चढले, स्टूल चाचपलं, बसले. ऐटीत डावा हात टाकला.

ठक्! बोटं बाकावरच्या कोऱ्या भिंतीवर आपटली.

त्यांनी पुन्हा हात टाकला. पुन्हा भिंत. मग हळूच म्हणाले, "हा माझा ट्रक नाही." आणि गुण्याच्या रोखाने मान वळवली. "तुझं नसेल रे चुकलं. मलाच नीट आठवत नसणार. डोळे गेले, आता डोकंही चाललं."

गुण्याचा चेहरा पांढराफटक. काय करावं सुचेना, तर त्याने खिशातून गुण्या काढला आणि टेबलाचा कोपरा तपासायला लागला! मला दोघांचाही असा राग आला की विचारू नका. बाबांना उतरवायला मी तरातरा पायऱ्या चढले, तर ते समोर, माझ्याकडे तोंड करून बसलेले. रंग मारताना त्या स्टुलावर मी कितीदा बसले होते, पण ड्रायव्हरकडे तोंड करून.

"बाबा, तुम्ही इकडे तोंड करून का बसलात?"

"मग काय ड्रायव्हरची पाठ बघू? दारात कोण येतंय ते दिसायला नको?"

 मीठदाणीला तोंड नसतं, हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आधी डॉक्टर हसत सुटले. "अहो, समोर बसलेल्याची डावी दाढ आपल्या उजवीकडे! माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात हे!" मग मी, मग गुण्या, आणि शेवटी बाबा, मांडीवर थापा मारत.

"स्क्रूड्रायव्हर आण," बाबा म्हणाले. "सरस लावला नाहीस ना?"

नव्हता लावला. बाबांनी स्वतः, नुसत्या बोटांनी शोधत, एकेक स्क्रू काढला. एवढ्याशा खोलीत आम्ही चौघं, कुणाचा गुडघा कुणाच्या बरगडीत, आणि डॉक्टर बाक उचलून "आ करा, आ करा" करतायत. रेडिओच्या तारेसाठी पाडलेलं भोक तेवढं हलवता येईना. तिथे लाकडाचं बूच ठोकलं. गुण्याच्या कामातलं पहिलं ठिगळ. बाबांनी त्यावर अंगठा फिरवला आणि गालातल्या गालात हसले.

मग ते पुन्हा बसले. डावा हात टाकला. खुंटी. वर फळी. खाली टेबल. हात कुठेही शोधत नव्हता. मला एकदम रडूच फुटलं. बाबांनी टेबलावर बोट ठेवलं आणि वाजवायला लागले, टक, टकटक, टक. बराच वेळ.

"एवढं लांब?" मी नाक पुसत म्हटलं. "'चालेल' एवढंच ना?"

"ते 'चालेल' नव्हतं, सूनबाई."

"मग काय होतं?" गुण्याने विचारलं.

"शीक म्हणजे कळेल."

तेव्हापासून ट्रक आमच्याच अंगणात आहे. संदेश कळल्याशिवाय नेणार नाही म्हणतात डॉक्टर. बापलेक रोज आत बसून टकटक करतात, माझा चहा गार होतो. काल मी कप घेऊन गेले तेव्हा बाबा तोच संदेश पुन्हा वाजवत होते, सावकाश, आणि गुण्या एकेक अक्षर जुळवत होता. मध्येच तो थांबला. 

"काय रे?" मी म्हटलं.

"गुणी," तो कसंबसं म्हणाला. "गुणी आहे माझा पोरगा."

"आता तू वाजव," बाबा म्हणाले.

गुण्याने टेबलावर बोट ठेवलं. थांबत थांबत काहीतरी वाजवलं. बाबा मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"अडखळतोस," ते म्हणाले. "पण चालेल."