इस्त्रीचा दोष

आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांना घराची भारी हौस. हौस म्हणजे मिरवण्याची नव्हे, राखण्याची. दार करकरलं की त्याच दिवशी बिजागरीत तेल. गॅलरीवरच्या पन्हाळीत पाला साठायच्या आत ताई काठी घेऊन हजर. सिंकमध्ये खरकटं तेल ओतणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत इतकं वाईट, की त्यांच्याकडे चहा प्यायला तरी कप विसळायची माझी छाती होत नसे.

अशा बाईच्या शिवणाच्या खोलीतली एक भिंत सतत ओली असायची.

घर आईवडिलांनी बांधलेलं. खाली ताई आणि वर त्यांचा धाकटा भाऊ, त्याची बायको. भावाला सगळी गल्ली बाळ म्हणते. टक्कल पडलं, चष्मा आला, तरी बाळच, कारण ताई त्याला बाळ म्हणतात. आई लवकर गेली. बाळला ताईंनीच वाढवलं, त्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही. त्याचं लग्न झालं तेव्हा ताईंनी मनाशी ठरवलं, की बोलावल्याशिवाय जिना चढायचा नाही. भावाच्या संसारात आपण नाक खुपसायचं नाही. आणि बाळने काही फारसं बोलावलंही नाही.

भिंतीवर पहिल्यांदा बशीएवढा डाग दिसला तेव्हा बाळ खाली आला. बोटाने दाबून बघितलं आणि डॉक्टरच्या थाटात म्हणाला, "ताई, ही तुझ्या इस्त्रीची वाफ. बंद खोलीत दिवसभर वाफ सोडतेस. भिंतीला घाम येणार नाही तर काय?"

ताईंना ते पटलं. बाळ म्हणाला म्हणजे पटलंच. त्यांनी इस्त्रीचं टेबल उचलून गॅलरीत नेलं. तेव्हापासून उन्हातान्हात, वाऱ्यात, दुखऱ्या गुडघ्यांनी त्या बाहेर उभ्या राहून गणवेश नाहीतर पडदे इस्त्री करायच्या.

दर वर्षी बाळ रंगाचा डबा घेऊन खाली यायचा. पोपडे खरवडायचा, भेगांत पुट्टी भरायचा, गुणगुणत भिंत रंगवायचा. ताईंचा ऊर भरून यायचा. "मजूर नको म्हणतो हो. माझी खोली तो स्वतःच्या हाताने करतो." मीसुद्धा त्याचं उदाहरण देऊन आमच्या ह्यांना टोमणे मारले. ते टोमणे आता परत घेता येत नाहीत.

रंग वाळायचा, जरा दिवस बरे जायचे, की डाग पुन्हा वर. ताई स्वतःलाच बोल लावायच्या. मी खोलीत वाफाळत्या चहाचा कप घेऊन बसले तरी म्हणायच्या, "जरा लांब बसा हं भिंतीपासून."

मग त्या पांढऱ्या पोशाखाचं प्रकरण झालं. कुणाच्या तरी लग्नाचा, ताईंनी जीव ओतून शिवलेला. भिंतीलगतच्या कपाटात टांगून ठेवला होता. बाहेर काढला तर पाठीवर बुरशीचे तपकिरी ठिपके. मुलीची आई दारात उभी राहून वाट्टेल ते बोलली. ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. "चूक माझीच," त्या म्हणाल्या. "वारा फार होता म्हणून मध्ये इस्त्री आत घेतली होती." त्यानंतर गिऱ्हाइकं एकेक करून कमी व्हायला लागली. ताईंचं पोट त्या खोलीवर होतं.

एकदा मी परकराची शिवण घालून घ्यायला गेले होते. नळ गळत होता म्हणून ताईंनी प्लंबरला बोलावलं होतं. हा प्लंबर तोंडाने फार सैल. शिवणाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत डोकावून म्हणाला, "हे अजून तसंच? वरच्या दादांनी पाईप बदललाच नाही वाटतं."

"कुठला पाईप?" ताईंनी विचारलं.

"वरच्या बाथरूमच्या भिंतीतला. टाईल्स नव्या बसवल्या आणि जुना पाईप तसाच आत ठेवला. लगेच गळायला लागला. मी म्हटलं, टाईल्स फोडाव्या लागतील. तर म्हणाले, राहू दे, सध्या खाली रंग मारून घेतो."

"सध्या म्हणजे कधी?"

आता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो घाईघाईने नळाकडे वळला. "ते... टाईल्स नव्या होत्या तेव्हाच, ताई."

ताई मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ भिंतीवर तळवा ठेवून होत्या. मग मला म्हणाल्या, "मी गॅलरीत उभी असले की तो वरून वाकून विचारायचा. ताई, ऊन लागत नाही ना?"

"केसाने गळा कापला हो तुमचा," मी म्हटलं. मी तडक वरच जाणार होते. ताईंनी माझा हात धरला.

"नको. तो येईल खाली. रंगवायचे दिवस आलेत."

आला. डबा, ब्रश, गुणगुणणं, सगळं नेहमीसारखं. मी परकर न्यायला आले होते, ताईंनी मला मुद्दाम बसवून घेतलं होतं. इस्त्रीचं टेबल आत, बरोबर त्या डागाखाली लावलं होतं आणि इस्त्री फसफस वाफ सोडत होती.

"ताई, आत कशाला गं इस्त्री? भिंत पुन्हा..."

"प्लंबर आला होता."

बाळने डबा खाली ठेवला. "अगं, हिने फार हौसेने निवडल्या होत्या त्या टाईल्स. नव्याकोऱ्या फोडायच्या म्हणजे... मी रंग देतच होतो ना दर वर्षी?"

"इस्त्रीचं का सांगितलंस?"

तो ब्रशचे केस बोटाने सरळ करायला लागला. मला त्याचा इतका संताप आला, की परकर मुठीत चुरगळून गेला.

"मला नुसतं म्हणाला असतास," ताई म्हणाल्या, "ताई, माझ्या टाईल्स नव्या आहेत. मीच म्हटलं असतं, राहू दे बाळ, नको फोडूस. मशीन दुसऱ्या खोलीत नेलं असतं मी. तू माझ्याकडे मागितलंच नाहीस रे."

मग त्यांनी डोळे पुसले आणि डबा उचलून त्याच्या हातात दिला. "आता फोड."

वर हातोडा चालला, पाईप बदलला, भिंत सावकाश वाळली. ओल दिसली की रंगाचा डबा आणू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, असं मी आता भेटेल त्याला सांगत सुटते. ताई कुणाला काही सांगत नाहीत.

परवा एक बाई पहिल्यांदाच माप द्यायला आली होती. वर काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. तिने छताकडे बघून विचारलं, "वर कोण राहतं हो?"

मला वाटलं, म्हणतील, माझा भाऊ.

"वरचे मालक," ताई म्हणाल्या आणि कापडावर पाणी शिंपडून त्यांनी इस्त्री फिरवली.